बैलाचं अस्तर आणि कुमुदताईंची फुगडी

श्रावण लागला हे दिल्लीत कॅलेंडर बघून कळत नाही, असं लक्ष्मीबाई नगरातल्या मराठी बायका म्हणतात. कुमुदताईंचा फोन सारखा बिझी यायला लागला की श्रावण लागला. कुणाच्या घरी नवी सून आली की तिची मंगळागौर, आणि मंगळागौर म्हटली की फुगडीला कुमुदताई. पूजा सांगायला गुरुजी नाही मिळाले तर मोबाइलवर पूजा लावून भागतं. पुरण बिघडलं तर बंगाली मिठाईवाल्याकडून रसगुल्ले आणून वेळ मारता येते. फुगडीचं तसं नाही. समोरची बाई अशी लागते की आपण डोळे मिटून मागे झुकलो तरी हात सुटणार नाहीत. आणि कुमुदताईंच्या हातून हात सुटल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

हे बळ आलं विहिरीतून. कऱ्हाडच्या बाजूला त्यांचं माहेर, विहीर खोल, आणि घरात माणसं भरपूर. शाळेत जायच्या आधी कुमुद पोहरे ओढायची. तिचे वडील कौतुकानं म्हणायचे, ‘‘दावणीला दोन बैल आहेत आणि तिसरा विहिरीवर आहे.’’ एकदा नागपंचमीला पाटलांच्या मुलीशी फुगडी चालली असताना त्या मुलीला शिंक आली, तिनंच हात सोडले आणि ती थेट कडब्याच्या गंजीत जाऊन बसली. लागलं काही नाही. पण पुढे तिचं लग्न ठरताना मुलाकडच्यांनी विचारलं म्हणतात, ‘‘ती गंजीतली मुलगी हीच का?’’

लग्न होऊन कुमुदताई दिल्लीला आल्या. नवरा श्रीरंगराव, सरकारी क्वार्टर वाटायच्या कचेरीत कारकून. साऱ्या दिल्लीला घरं वाटणाऱ्या माणसाचं स्वतःचं क्वार्टर सरोजिनी नगरात दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावर. पहिल्या मंगळागौरीला खाट गॅलरीत काढली, कपाट भिंतीला लोटलं, तेव्हा कुठे फुगडीपुरती जागा झाली. आणि सासूबाई विठाबाई पदर खोचून पुढे आल्या. त्यांच्या घरात रीतच होती तशी. सुनेची पहिली फुगडी सासूशी, आणि जी आधी हात सोडेल तिनं वर्षभर सकाळचा चहा करायचा.

विठाबाई काही कच्च्या नव्हत्या. दोघी अशा फिरल्या की खालच्या मजल्यावरचं केरळी कुटुंब भूकंप झाला समजून मुलांना घेऊन मैदानात पळालं. त्यांच्या मागून आणखी दोन घरं पळाली. शेवटी विठाबाईंनीच हात सोडले, भिंतीला टेकल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, ‘‘साखर किती घालू गं तुला?’’ पुढचं वर्षभर सून झोपेतून उठेपर्यंत चहा तयार असायचा. कुमुदताई आजही सांगतात, तसा चहा नंतर कुणी पाजला नाही. हे सांगताना त्या श्रीरंगरावांकडे बघतात आणि श्रीरंगराव पेपरात बघतात.

मुलगा सुधन्वा मोठा झाला, त्यालाही केंद्र सरकारातच नोकरी लागली, श्रीरंगराव रिटायर झाले आणि बिऱ्हाड मुलाच्या नावावर लक्ष्मीबाई नगरातल्या नव्या टॉवरमध्ये गेलं. मागच्या थंडीत सुधन्वाचं लग्न झालं. सून मैत्रेयी जन्मानं मराठी, वाढलेली दिल्लीची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, ‘‘आई, झिम्मा म्हणजे ते क्लॅपिंगवालं ना?’’

‘‘हो. आणि फुगडी म्हणजे ते चक्करवालं,’’ कुमुदताई म्हणाल्या. ‘‘श्रावणात दाखवते. चहाची सवय कर तोपर्यंत.’’

पण श्रावणाच्या वाटेत एक अडचण होती.

लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात कुमुदताईंच्या उजव्या छातीवर, बरगडीच्या पुढच्या टोकाला एक टणक गाठ आली होती. ती निघाली कूर्चेची, म्हणजे कानाच्या वरच्या भागात असतं तसल्या मऊ हाडाची. डॉक्टरांनी वेळेत तीन बरगड्यांच्या तुकड्यांसकट काढून टाकली. गाठ गेली ती गेलीच, त्या बाबतीत देवाची कृपा. बरगड्यांच्या जागी जे भगदाड पडलं तिथे प्लास्टिकची जाळी बसवली होती. शंभरातल्या बहुतेकांना ती निमूट मानवते. कुमुदताईंच्या जाळीवर मात्र जंतूंनी मुक्काम ठोकला. कुणाची चूक म्हणावी असं त्यात काही नव्हतं. लग्नाचे फोटो निघाले तेव्हा शालूच्या आत ड्रेसिंग होतं, आणि जखम काही केल्या सुकेना. औषध घेतलं की बरं, थांबवलं की पुन्हा पू.

म्हणून जानेवारीत सगळे गुरुग्रामच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर अनुरागांकडे गेले. डॉक्टर मूळचे कानपूरचे, माणूस शांत, बोलताना समोरच्या कागदावर चित्रं काढायची सवय. त्यांनी जखम पाहिली, स्कॅन पाहिले आणि म्हणाले, ‘‘माताजी, यह जाली निकालनी पड़ेगी. प्लास्टिक में ख़ून नहीं जाता, तो दवा भी नहीं पहुँचती. कीटाणु वहाँ मज़े से बैठे हैं.’’

‘‘और छेद?’’ श्रीरंगरावांनी विचारलं. ‘‘अंदर तो फेफड़ा है.’’

डॉक्टरांनी कागदावर एक चौकोन काढला. आता प्लास्टिक नाही, जैविक चादर लावू, ते म्हणाले. जनावराच्या कातडीचा आतला थर असतो. त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढतात, उरतो नुसता सांगाडा. ती चादर बरगड्यांच्या कडांना ताणून शिवली की हळूहळू माताजींच्याच रक्तवाहिन्या, माताजींच्याच पेशी तिच्यात शिरतात आणि ती माताजींचीच होऊन जाते. रक्त खेळायला लागलं की जंतूंना तिथे टिकणं अवघड.

श्रीरंगरावांचा चेहरा उजळला. सगळी हयात ज्यात गेली तो विषय निघाला होता. ‘‘मतलब पुराना अलॉटी निकाला, सफ़ेदी करवाई, और नए को क्वार्टर दे दिया.’’

‘‘बिल्कुल,’’ डॉक्टर हसले. ‘‘और पुराने का सामान अंदर रह जाए तो झगड़ा होता है. इसलिए धुलाई पक्की करते हैं.’’

‘‘जनावर कोणतं पण?’’ कुमुदताईंनी मराठीतच विचारलं. मैत्रेयीनं हिंदी केलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘‘मवेशी का है. आपको एतराज़ हो तो अभी बता दीजिए, हम दूसरा कुछ सोचेंगे. कोई ज़बरदस्ती नहीं.’’

‘‘मवेशी म्हणजे बैल का?’’

‘‘बैल ही समझिए.’’

सुधन्वानं आईकडे पाहिलं, श्रीरंगरावांनी छताकडे. कुमुदताईंच्या डोळ्यांपुढे माहेरची दावण आली. ढवळा आणि पोवळा. पोळ्याला शिंगांना रंग लावताना पोवळा मान खाली घालून उभा राहायचा, लेकरासारखा. ढवळा म्हातारा झाला तेव्हा वडिलांनी तो विकला नाही, मरेपर्यंत पोसला.

‘‘बैलानं आमच्या घराचं जन्मभर ओढलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता माझंही थोडं ओढ म्हणावं. लावा.’’

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण डॉक्टर पुढे म्हणाले की नुसत्या चादरीनं भागत नाही, तिच्यावर जिवंत, रक्ताचं पांघरूण लागतं. त्यासाठी पाठीची एक रुंद मांसपेशी आहे, काखेखालून पसरलेली. ती एका बाजूनं सोडवून पुढे फिरवून आणू. सोपं काम आहे, भरवशाचं आहे.

‘‘पीठ में कमी नहीं पड़ेगी?’’ सुधन्वानं विचारलं.

‘‘रोज़ के काम में नहीं. माताजी काम क्या करती हैं?’’

‘‘कुछ नहीं,’’ श्रीरंगराव म्हणाले. रिटायर झाले तरी दुसऱ्याच्या वतीनं उत्तर द्यायची कचेरीतली सवय गेली नव्हती. ‘‘घर पर ही रहती हैं. हल्का-फुल्का काम.’’

‘‘तब तो कोई दिक़्क़त ही नहीं. पहाड़ चढ़ना नहीं, तैरना नहीं, रस्सी खींचनी नहीं.’’

झालं. तारीख ठरली. सगळे उठले. मैत्रेयीनं फाइल उचलली, सुधन्वा गाडी काढायला गेला. कुमुदताई मात्र खुर्चीतच.

‘‘चला आई,’’ मैत्रेयी म्हणाली.

‘‘थांब. ते शेवटचं काय म्हणाले गं? रस्सी?’’

‘‘रस्सी खेचायची नाही ना आपल्याला, तर काही प्रॉब्लेम नाही म्हणाले.’’

कुमुदताई डॉक्टरांकडे वळल्या आणि त्यांची ती खास दिल्ली-कऱ्हाडी हिंदी सुरू झाली. ‘‘डॉक्टरसाब, खींचने का ही तो मेरा काम है. मैं फुगडी खेलती हूँ.’’

‘‘फुगड़ी?’’

मैत्रेयी मोबाइलवर व्हिडिओ शोधायला लागली, पण ओपीडी तळघरात, नेटवर्क काही येईना. गोल गोल फिरणारं चक्र तेवढं स्क्रीनवर फुगडी घालत राहिलं. कुमुदताईंना स्वतः दाखवणं शक्य नव्हतं, छातीला ड्रेसिंग. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती श्रीरंगरावांवर थांबली.

‘‘अहो, तुम्ही दाखवा.’’

‘‘मी?’’

‘‘मग मैत्रेयी एकटीच फिरेल का? कुछ नहीं करती म्हणालात ना? करून बघा जरा, कुछ नहीं कसं असतं ते.’’

‘‘अगं, सुनेबरोबर फुगडी? लोक काय म्हणतील?’’

‘‘इथे कोण ओळखतंय तुम्हाला? आणि पेन काढून ठेवा खिशातलं. उडेल.’’

श्रीरंगरावांनी पेन काढलं, चष्मा काढला, बूट काढले. खोलीत जागा नव्हती म्हणून सगळे बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. कुमुदताई खुर्ची ओढून मधोमध बसल्या आणि सूचना देऊ लागल्या. ‘‘हाताची कैची करा. चवडे जुळवा. मैत्रेयी, टाच उचलू नकोस. आता दोघंही मागे झुका. अहो, मागे म्हणजे मागे, कचेरीत साहेबापुढे उभे राहिल्यासारखे काय उभे आहात?’’

पहिल्या फेरीत श्रीरंगराव वाकडे गेले. दुसऱ्या फेरीत मैत्रेयीला हसू फुटलं. तिसऱ्या फेरीला मात्र कसा कोण जाणे ताल जमला, आणि जन्मभर लोकांची घरं हलवलेला माणूस स्वतःच गरगरा फिरायला लागला. नर्सेस येऊन उभ्या राहिल्या. बाकावर बसलेला रोहतककडचा एक ताऊ शेजाऱ्याला म्हणाला, ‘‘बाबूजी की दवाई तेज़ सै.’’

‘‘डॉक्टरसाब, अब पीठ पे हात रखो,’’ कुमुदताईंनी हुकूम सोडला.

फिरत्या माणसाच्या पाठीवर हात ठेवणं म्हणजे चालत्या बसमध्ये चढणं. पण डॉक्टर अनुराग दोन पावलं बरोबर फिरले आणि श्रीरंगरावांच्या काखेमागे तळवा टेकवला. तिथला स्नायू दोरखंडासारखा ताठ झालेला. त्यांनी हात काढला, ‘‘बस, बस,’’ म्हणाले आणि गंभीर झाले.

‘‘यही है,’’ ते म्हणाले. ‘‘यही मसल मैं काटने वाला था.’’

आत जाऊन त्यांनी नवा कागद घेतला. पाठ राहू द्या, ते म्हणाले. पोटात आतड्यांवर चरबीची एक झालर पसरलेली असते. तिला रक्त भरपूर, आणि जिथे जंतू असतील तिथे जाऊन ती चिकटते, स्वभावच तिचा तसा. तिचा एक पदर वर खेचून चादरीवर पांघरू. वर त्वचा कमी पडली तर मांडीची पातळ साल लावू. पण मग पोटही उघडावं लागेल, ऑपरेशन लांबेल, उठून बसायला थोडा जास्त त्रास होईल. ‘‘सोच लीजिए. एक खेल के लिए इतना...’’

‘‘सोचलं,’’ कुमुदताई म्हणाल्या. ‘‘चरबी घ्या हवी तेवढी. तिची कधी गरज पडली नाही.’’

घरी जाताना गाडीत श्रीरंगराव खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, ‘‘मला काय माहीत, फुगडी डॉक्टरला सांगायची असते.’’

‘‘मला तरी कुठे माहीत होतं?’’ कुमुदताई म्हणाल्या. ‘‘रस्सीचं नाव निघालं म्हणून विहीर आठवली.’’

ऑपरेशन झालं. अस्तर बसलं, झालर पांघरली गेली, टाके पडले. पहिले काही दिवस कुमुदताईंना श्वास घेताना छातीचा तो भाग आत-बाहेर झाल्यासारखा वाटायचा. डॉक्टर म्हणाले, चादर हाडासारखी कडक नसते, घट्ट व्हायला वेळ लागेल. श्वासाच्या व्यायामाला प्लास्टिकची एक डबी दिली होती. तिच्यात तीन गोळ्या, नळीतून श्वास ओढला की वर चढायच्या. कुमुदताईंची आधी एक चढायची. श्रीरंगराव शेजारी बसून म्हणायचे, ‘‘हे काय अवघड आहे, आण इकडे.’’ त्यांच्या दोन चढल्या आणि ठसका लागला. होळी येईपर्यंत कुमुदताईंच्या तिन्ही गोळ्या वर चढून टांगून राहायला लागल्या, आणि श्रीरंगराव दोनवरच राहिले. कॉलनीत भेटायला आलेल्या प्रत्येकापुढे ती डबी ठेवली जायची. चहा नंतर, आधी श्वास ओढा.

जखम सुकली. या वेळी खरोखरच सुकली. मार्चमध्ये ड्रेसिंग गेलं, एप्रिलमध्ये दोरीवर कपडे वाळत घालायची परवानगी मिळाली, उन्हाळ्यात रबराचा पट्टा ओढायचे व्यायाम सुरू झाले. पट्ट्याचं एक टोक दाराच्या कडीला, दुसरं कुमुदताईंच्या हातात. एकदा कडीच निघून आली. सुधन्वानं तक्रार नोंदवली, तेव्हा मेंटेनन्सचा माणूस येऊन म्हणाला, ‘‘इतनी मज़बूत कड़ी कैसे निकली?’’ कुमुदताईंनी पट्टा पदराआड केला.

मैत्रेयीही गुपचूप तयारीला लागली होती. मुनिरकात भाड्यानं राहून परीक्षेचा अभ्यास करणारी तिची एक मैत्रीण होती, बीडची अक्षया. रविवारी ती जेवायला आली की दोघी गच्चीवर जायच्या आणि लाल चेहऱ्यानं खाली यायच्या. कुमुदताई विचारायच्या, ‘‘कुठे गेला होता गं?’’

‘‘हवा खायला, आई.’’

‘‘जूनमध्ये? दिल्लीत?’’

श्रावण लागायच्या आधी शेवटची तपासणी. डॉक्टरांनी स्कॅन पाहिला, छाती दाबून पाहिली, खोकायला सांगितलं. मग आपल्या चाकांच्या स्टुलावर बसले, दोन्ही हात कैची करून पुढे केले आणि म्हणाले, ‘‘खींचिए.’’

‘‘नक्की?’’

‘‘हाँ हाँ, पूरी ताक़त से.’’

कुमुदताईंनी ओढलं. डॉक्टर स्टुलासकट सुटले ते त्यांच्या गुडघ्यांना येऊन धडकले, आणि वजनकाट्याला लागून ट्रे खाली पडला. नर्स धावत आली. डॉक्टर उठले, कोट झटकला आणि म्हणाले, ‘‘खेलिए. लेकिन थकने से पहले रुकना है. यह वादा कीजिए.’’

कुमुदताईंनी वादा केला. पण बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हा वादा भलताच महाग आहे. दमायच्या आधी थांबायचं म्हणजे आधी हात सोडायचे. आणि आधी हात सोडायचे म्हणजे वर्षभर चहा.

श्रावणातल्या मंगळवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मैत्रेयीच्या मंगळागौरीला निम्मं लक्ष्मीबाई नगर जमलं. मराठी बायका होत्याच, शिवाय शेजारच्या बंगाली, तमिळ, गढवाली बायका नऊवारी नेसून आल्या होत्या. सरोजिनी नगरच्या बाजारात तयार शिवलेली नऊवारी मिळते, त्यात घोळ करायला वाव नाही. पुरुषांना मंगळागौरीत काम नसतं, पण श्रीरंगराव पाण्याची बाटली आणि डॉक्टरांचा फोन नंबर घेऊन दाराशी उभे होते, आणि कुणी त्यांना जा म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करत होते.

नाव घ्यायचा आग्रह झाला. कुमुदताईंनी पदर खोचला आणि घेतलं:

‘‘बरगडीच्या जागी अस्तर, अस्तरावर घातली शिवण,
श्रीरंगरावांचं नाव घेते, आधी फुगडी, मग जेवण.’’

सासू आणि सून समोरासमोर उभ्या राहिल्या. हातांची कैची झाली, चवडे जुळले.

‘‘आई, जपून हं,’’ मैत्रेयी हळूच म्हणाली.

‘‘मुद्दाम हात सोडशील तर बघ,’’ कुमुदताई म्हणाल्या. ‘‘मला कळतं. खोट्या फुगडीचा चहा मी पीत नाही.’’

आणि फिरायला लागल्या. आधी सावकाश, मग बांगड्यांचा आवाज एकात एक मिसळला, मग नऊवारीचे काठ दिसेनासे झाले. कुमुदताई मागे झुकल्या. पाठीचा स्नायू जागच्या जागी ताठ झाला, जसा विहिरीवर व्हायचा, आणि छातीत, जिथे वर्षभर दुखरा पोकळ डाग होता, तिथे काहीतरी घट्ट धरून होतं. ओढ रे पोवळ्या, त्या मनात म्हणाल्या. हॉलचे दिवे एक रेघ झाले. समोर फक्त मैत्रेयीचा चेहरा स्थिर होता. मुलगी चांगली झुकत होती. गच्चीवरची हवा अंगी लागली होती.

दारातून श्रीरंगरावांचा आवाज आला. ‘‘कुमुद, पुरे आता.’’

कुमुदताई दमल्या नव्हत्या. म्हणजे वादा अजून मोडला नव्हता.

‘‘अगं, डॉक्टर काय म्हणाले होते?’’

सून हात सोडत नव्हती, सासू सोडत नव्हती. बायका टाळ्यांचा वेग वाढवत होत्या. श्रीरंगराव एक पाऊल आत आले, मग दुसरं, आणि शेवटी न राहवून बाटली टाकून थेट त्या भोवऱ्यात घुसले. दोघींच्या मनगटांना त्यांनी मिठी मारली, स्वतः अर्धा फेरा फिरले, आणि तिघंही एकमेकांना धरून उभे राहिले. कुणीच पडलं नाही.

‘‘कोणी सोडले? कोणी सोडले?’’ अक्षया ओरडत होती.

कुमुदताई धापा टाकत हसत होत्या. त्यांनी मैत्रेयीकडे पाहिलं. दोघींचे हात अजून एकमेकींत होते.

‘‘आम्ही कुठे सोडले?’’ त्या म्हणाल्या. ‘‘फुगडी ह्यांनी मोडली.’’

‘‘बरोबर आहे, आई,’’ मैत्रेयी म्हणाली. ‘‘रूल म्हणजे रूल.’’

श्रीरंगराव चष्मा शोधत होते. ‘‘म्हणजे काय? अगं, मी तर तुझ्यासाठी...’’

तेवढ्यात सुधन्वाचा फोन आला. टॉवरच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, ‘झटके महसूस हुए क्या?’ आणि खाली सात-आठ जणांनी ‘हाँ’ लिहिलं होतं.

तेव्हापासून त्या घरात सकाळचा चहा श्रीरंगराव करतात. आलं जास्त ठेचतात, आणि दूध उतू जाऊ नये म्हणून ओट्यापासून हलत नाहीत. सासू-सुना टेबलाशी बसून वाट बघतात. कुमुदताई पहिला घोट घेतात, विचार करतात आणि म्हणतात, ‘‘सासूबाईंच्या चहाची सर नाही. पण पुढच्या श्रावणापर्यंत जमेल.’’